विहीणबाईंचा निम्मा पेला

उभ्या बीड जिल्ह्यात माझ्या विहीणबाईंसमोर बसून एकट्याने काही खाऊन दाखवील असा माणूस अजून जन्माला आलेला नाही. आणि तसा दावा कोणी केलाच, तर तो खोटारडा आहे असे मी लेखी द्यायला तयार आहे. विहीणबाई म्हणजे माझ्या सुनेच्या मातोश्री. कपिलधारच्या रस्त्यावरील एका गावात त्यांचे किराणा दुकान आहे. ‘एकट्यानं खाल्लेलं अंगी लागत न्हाई’ हा त्यांचा सिद्धान्त. एसटीत त्यांनी फडके सोडले, की शेजारच्या उतारूला धपाटा, मागच्याला चटणी, आणि गळ्यात तिकिटाचे यंत्र अडकवून आलेल्या कंडक्टरच्या हातावरही घास पडतो. हा व्यवहार एकतर्फी मात्र नाही. समोरच्याच्या पानातला तुकडाही त्या तितक्याच हक्काने उचलतात. दुकानात कोणी शेंगदाणे घेतले, की तोलून झाल्यावर त्यातलेच चार त्या तोंडात टाकतात आणि वर बरणीतले मूठभर घालतात. गिऱ्हाइकाने जरा विचार केला तर तक्रारीला जागा उरत नाही. पण विचार करतो कोण?

माझा धाकटा भाऊ तर मुळीच करत नाही. लग्नाच्या पंगतीत विहीणबाईंनी माझ्या, म्हणजे प्रत्यक्ष वरपित्याच्या, ताटातली जिलबी मोडून खाल्ली, हे तो आजही चारचौघांत सांगतो. ‘‘दादा, बाई लई खादाड हाय. इवायाच्या ताटात हात घालती म्हंजे काय?’’ इवाई म्हणजे व्याही, अर्थात मीच. या हकिकतीतला उत्तरार्ध तो सोयीस्करपणे गाळतो. खादाड माणूस मोठा तुकडा उचलतो. विहीणबाईंनी जिलबीचा एक वेढाही पुरता मोडला नव्हता, आणि स्वतःच्या ताटातली अख्खी पोळी माझ्या ताटात सरकवली होती. ती मी खाल्ली, म्हणून मला ठाऊक.

त्यांच्या गावच्या आरोग्य उपकेंद्रातल्या प्रकाराचीही लोकांनी अशीच वासलात लावली आहे. सूनबाई पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेल्या होत्या. मी भेटीला गेलो त्याच दिवशी उपकेंद्रात गरोदर बायकांची साखर तपासायची होती. पद्धत सोपी: सिस्टर ग्लुकोज पाण्यात ढवळून पेलाभर देतात, तो पुरता प्यायचा, दोन तास बसायचे, मग बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब यंत्राला द्यायचा. मी बाहेर लिंबाखाली वर्तमानपत्र वाचत होतो, त्यामुळे पेला कसा रिकामा झाला ते पाहिले नाही. आकडा चांगला आला. सूनबाई चपला घालू लागल्या. तेवढ्यात सिस्टर दुसऱ्या एका बाईला समजावू लागल्या, की गरोदरपणात वाढलेली साखर वरून दिसत नाही. बाळ फाजील वाढते, बाळंतपण अडते, जन्मल्यावर बाळाचीच साखर एकदम उतरू शकते.

विहीणबाई उंबऱ्यातून मागे फिरल्या. ‘‘सिस्टर, माज्या लेकीचा आकडा खोटा हाय.’’

‘‘मावशी, मशीन खोटं बोलत नाही.’’

‘‘मशीन खरंच बोलतंय. निम्मा पेला म्या पिलाय.’’

ओसरीवरची एक बाई म्हणाली, ‘‘मग मावशी, तुमाला कितवा म्हयना?’’ ओसरी खदखदून हसली. सिस्टर हसल्या नाहीत. ‘‘कशाला पिला, मावशी?’’

‘‘पोटुशी बाईला गोड एकटीला कसं पाजावं, बाई? नजर लागती. सोबतीनं घोट घ्यावाच लागतो.’’

गाव म्हणते, सिस्टरने म्हातारीला पकडले. साफ खोटे. कोणीही पकडले नव्हते. चांगला आकडा पदरात पडला होता आणि घरची वाट मोकळी होती. भर ओसरीत हसे होणार हे दिसत असतानाही त्या मागे फिरल्या. याला पकडणे म्हणत असतील, तर मला मराठी येत नाही.

त्या दिवशी ग्लुकोजचे पुडे संपले होते. पुढच्या खेपेलाही मी गेलो होतो. पेला लेकीच्या हाती येताच विहीणबाई उठून अंगणात माझ्यापाशी आल्या आणि ओसरीकडे पाठ करून बसल्या. ‘‘इवाई, माज्यावर नजर ठेवा. हात लई वाईट हाय माजा.’’ आतून लेक म्हणाली, ‘‘आई, संपला.’’ तरीही त्या वळल्या नाहीत. आकडा आला तो वाढलेला होता.

त्या रडल्या असे लोक सांगतात. मी समोर बसलो होतो. त्या रडल्या नाहीत. त्यांनी सिस्टरला एवढेच विचारले, ‘‘आता काय करायचं ते सांगा.’’ गोड बंद, भात बेताचा, जेवल्यावर चालणे आणि पुन्हापुन्हा तपासणी. त्या दिवसापासून त्या घरातल्या चहात साखर पडली नाही, पाहुण्यांच्याही नाही. मला बिनसाखरेचा चहा देऊन इवायाचा अपमान केला, असे धाकटा म्हणतो. अपमान करणारी माणसे ‘आनखी घ्या’ म्हणत नसतात. जेवण झाले की मायलेकी गावाबाहेर फिरायला निघत. लेक दमली की आई म्हणे, ‘‘मीच दमले गं, जरा बसू.’’

बाळंतपण अंबाजोगाईला झाले. नातीच्या इवल्याशा टाचेला सुई टोचली तेव्हा विहीणबाईंनी माझे मनगट धरले. साखर ठीक आहे असे कळल्यावरही बराच वेळ सोडले नाही. मीही सोडवून घेतले नाही.

बाळ मान धरू लागल्यावर आम्ही सूनबाईंना आणि नातीला न्यायला गेलो. जीप सुरू झाली होती. विहीणबाई माझ्या बाजूच्या खिडकीशी आल्या.

‘‘इवाई, लेक दिली तवा काई सांगितलं न्हवतं. आता सांगते. सिस्टर म्हनल्या, हिची साखर दरसाल बघावी लागंल. ही म्हनंल, मी बरी हाय. हिचं ऐकू नका. माज्या हातानं व्हायचं तेवढं झालं. आता तुमच्या हाती हाय.’’

जीप वळली तेव्हा त्या रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या, हात अजून खिडकीच्या उंचीवर होता.

बाईने भर गल्लीत दादाला हुकूम सोडला आणि दादाने मुकाट्याने मान खाली घातली, असे धाकटा सांगत फिरतो. त्याच्या आजवरच्या सगळ्या हकिकतींत एवढ्या एकीत मला काही दुरुस्ती करावीशी वाटत नाही.