अक्कांचा उघडा प्रोग्रॅम

अक्का कुणाला पेन देत नसत. मागितलं, की "संशोधक म्हणवता आणि खिशात पेन नाही?" असं म्हणून टोपण घट्ट लावून टाकत. पण वर्षानुवर्षं खपून लिहिलेला प्रोग्रॅम मात्र कुणीही मागो, दुसऱ्या दिवशी फ्लॉपीवर घालून, स्वतःच्या अक्षरात पत्ता लिहून पोस्टात टाकायच्या. तोही नुसता चालवण्यापुरता नव्हे, ओळन्‌ओळ वाचता येईल असा. ही नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. ओपन सोर्स हा शब्द तेव्हा आमच्या कानावर आला नव्हता. आमच्याकडे त्याला अक्कांचा भाबडेपणा म्हणत.

बेंगळुरूतल्या एका संशोधन संस्थेत त्या तांत्रिक अधिकारी होत्या. त्यांच्या घराच्या तीन पिढ्या तिथल्याच चामराजपेटेत गेलेल्या, त्यामुळे मराठीला अधूनमधून कन्नडची फोडणी असे. मी पुण्याहून पीएच.डी. करायला आलो तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं, नीट ऐकून घेतलं, आणि पुढे कायम मला 'पुणेकर' अशीच हाक मारली.

प्रोग्रॅम कशाचा, तेही सांगतो. अणू म्हणजे एक इवलंसं चुंबक समजा, तोंड वर किंवा खाली. दोन चुंबकांच्या मांडण्या चार, दहांच्या हजाराहून जास्त, विसांच्या दहा लाखांहून जास्त. क्वांटमच्या राज्यात या सगळ्या मांडण्या एकदम विचारात घ्याव्या लागतात. ते काम अक्कांचा प्रोग्रॅम करायचा. पण नवा माणूस थेट संगणकाकडे निघाला, की अक्का त्याला अडवत. "स्वल्प थांब. आधी चार चुंबकांचं गोल कडं कर आणि कागदावर सोडव. आकडा जुळला की मग जा. मशीनला काय कळतंय? तू सांगशील ते मुकाट्यानं करणार." मला हा सगळा पोरखेळ वाटे. मी पुण्याचा, त्यामुळे वाटणारच.

मी त्या प्रोग्रॅमवर चुंबकांची शिडी सोडवली: दोन उभ्या रांगा आणि मध्ये पायऱ्या. पायरीवरची जोडी फोडायला लागणारी ऊर्जा इतरांच्या आकड्यांपेक्षा कितीतरी जास्त आली. मी हवेतच होतो. लेख लिहिला, परदेशी नियतकालिकानं तो स्वीकारला. माझी फेलोशिप संपत आली होती आणि ती वाढणार की मी गाशा गुंडाळणार, हे त्या लेखावर ठरणार होतं.

लेख छापून यायच्या आधीच ब्राझीलहून अक्कांना ई-मेल आली. मार्कोस नावाच्या विद्यार्थ्यानं प्रोग्रॅम मागवला होता, आणि आम्ही कुणी केलं नव्हतं ते त्यानं केलं होतं. तो प्रोग्रॅम अथपासून इतिपर्यंत वाचून काढला होता. शिडी सोडवताना प्रत्येक पायरी दोनदा मोजली जाते, असं त्याचं म्हणणं होतं.

अक्कांनी मेलचा कागद दोनदा वाचला, संगणकावर ती ओळ काढली आणि दोन चुंबकांचा हिशोब कागदावर करून पाहिला. मग म्हणाल्या, "पुणेकर, त्याचं बरोबर आहे. फेर धरलेल्या मुलींत एकेकीला विचारलं, तुझ्या उजवीकडे कोण, तर जोड्या बरोबर मोजल्या जातात. पण मुली दोनच असल्या, शिडीच्या पायरीवरच्या चुंबकांसारख्या, तर तीच जोडी दोनदा येते. मी चारापासून तपासत आले. दोनापासून तपासायला हवं होतं."

मी त्यांना अक्षरशः विनवलं, "अक्का, गुपचूप दुरुस्त करू. लेखाचं मी बघतो. कुणाला कळणार आहे?"

"मार्कोसला कळलंय. मला कळलंय. तुला कळलंय. अजून किती जण पाहिजेत?"

त्याच दुपारी त्यांनी प्रोग्रॅम घेतलेल्या प्रत्येकाला पत्र लिहायला घेतलं आणि मला लेख मागे घेण्याच्या पत्राला बसवलं. विभागप्रमुख तावातावानं आले. "बाई, पुढच्या आठवड्यात तुमची बढतीची मुलाखत आहे! आठ दिवस थांबलात तर काय आभाळ कोसळणार आहे?"

मला तर मुलाखतीचं माहीतच नव्हतं. अक्का पत्ता लिहिता लिहिता म्हणाल्या, "आठ दिवसांत आणखी एखादं पोर याच्यावर प्रबंध रचून बसेल, सर."

बढती मिळाली नाही. त्या वर्षी नाही, नंतरही नाही. माझी फेलोशिप मात्र वाढली, कारण समितीला अक्कांनी वेगळं पत्र दिलं होतं: चूक माझ्या प्रोग्रॅमची आहे, मुलाची नाही. हे मला समितीतल्या एकानं सांगितलं. मी आभार मानायला गेलो, तर "सरी, सरी, ठीक आहे, कामाला लाग" म्हणून त्यांनी हाकलून दिलं. मला त्या दिवशी स्वतःची फार लाज वाटली. नव्यानं काढलेला आकडा अगदी चारचौघांसारखा आला, आणि तो मी मार्कोसच्या जोडीनं छापला.

मला वाटलं होतं, त्या पत्रांनंतर अक्कांचा प्रोग्रॅम कुणी हातात धरणार नाही. झालं उलटंच. पुढच्या वर्षभरात मागणी वाढली. जर्मनीतल्या एका प्राध्यापकांनी लिहिलं, "ज्याच्या चुका कळवल्या जातात असा प्रोग्रॅम मी बरेच दिवस शोधत होतो." कुणी सुधारणा पाठवू लागलं, कुणी नवे भाग जोडू लागलं. अक्का त्या तपासून आत घालत आणि ज्याचं काम त्याचं नाव वर लिहीत. होता होता त्यांचं स्वतःचं नाव यादीत बरंच खाली गेलं.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा चहा-समोशांचा छोटासा समारंभ झाला. तो आटोपल्यावर त्यांनी मला खोलीत बोलावलं, प्रोग्रॅमच्या मूळ प्रतीत बदल करायचा पासवर्ड सांगितला आणि म्हणाल्या, "आता तू बघ." मी म्हटलं, "अक्का, माझ्या हातून चूक झाली तर?"

"होणारच की रे. झाली की सगळ्यांना कळव."

आज जगभरातली माणसं तो प्रोग्रॅम वापरतात, वाचतात, त्याला ठिगळं लावतात. अक्का जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्यामागे चूक कळवणारी सात पत्रं मी पाठवली आहेत. पहिलं पाठवण्याआधी चारदा खोडून लिहिलं. सातवंही खोडत बसलो, पण तो दिवस मी उलटू दिला नाही.