अंजनाबाईंचा बर्फ

अंजनाबाई माहेरच्या भिवापूरच्या, मिरचीच्या गावच्या. तिखट बोलणं त्यांना माहेरूनच आंदण मिळालंय, असं त्यांचे यजमान मनोहरराव म्हणत. अर्थात, बाई ऐकू येण्याइतक्या जवळ नसताना. साखर आणि बीपीनं मिळून बाईंच्या किडन्या निम्म्यावर आणल्या, पण जिभेला धक्का लागला नाही. पाय सुजायचे म्हणून पाणी मोजून प्यायचं होतं. चार पायऱ्या चढल्या की धाप लागायची.

त्या उन्हाळ्यात घरात चोरी सुरू झाली. सून कामिनी मिहानमधल्या कंपनीतून तापून घरी यायची, फ्रीज उघडायची, तर बर्फाचे ट्रे रिकामे!

"आई, बर्फ कोण संपवून राहिलं?"

"तुये सासरे," अंजनाबाई डोळ्याची पापणी न हलवता म्हणाल्या. "म्हातारपणी माणूस पोट्ट्यावानी करते."

मनोहररावांनी मान खाली घालून गुन्हा कबूल केला. खरा चोर त्यांनी पहिल्याच दिवशी पाहिला होता. गप्प बसण्याबद्दल त्यांना जेवताना दोन तळलेल्या सांडगी मिरच्या मिळत, आणि सौदा त्यांना परवडत होता.

एके दुपारी कामिनी घरूनच काम करत होती. कोठीच्या खोलीतून कडाम-कुडुम आवाज आला. घूस असेल म्हणून ती झाडू घेऊन गेली, तर धान्याच्या पिंपाआड सासूबाई! मांडीवर स्टीलची वाटी, दोन्ही गाल फुगलेले, हनुवटीवरून पाण्याची धार.

"काय खाऊन राहिल्या आई?"

तोंडभर बर्फ घेऊन उत्तर देता येईना. शेवटी गिळून बाई म्हणाल्या, "दाढ ठणकून राहिली वं."

"दाढ दुखते अन् तुम्ही बर्फ फोडता?"

दुसऱ्याच दिवशी कामिनीनं त्यांना किडनीच्या डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन बसवलं आणि सगळी तक्रार ओतली. आता झडती होणार म्हणून अंजनाबाईंनी पदर सावरला. पण डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. उलट खुर्ची पुढे ओढून विचारू लागल्या.

"मावशी, सारखा बर्फच आठवतो? आणखी काही खावंसं वाटतं? माती?"

"माती काहून खाऊ? मी का लहान पोट्टी आहो?" मग जरा थांबून, हळूच, "कच्चे तांदूळ... थोडेसे."

रक्त तपासलं. शरीरातलं लोह तळाला गेलेलं. "किडनी अधू झाली की रक्त कमी बनतं," डॉक्टरीणबाईंनी समजावलं. "त्यात लोहही संपलं की काहींना असं बर्फाचं वेड लागतं. तुमच्या लोहाच्या गोळ्या पोटातून नीट शोषल्याच जात नाहीयेत. आता सलाईनमधून देऊ. अन् बर्फ म्हणजेही पाणीच बरं का, मावशी."

शेवटचं वाक्य अंजनाबाईंनी ऐकलंच नाही. त्या सुनेकडे वळल्या होत्या. "आयकलं? चोरी नोयती, बीमारी होती!"

सलाईनच्या बाटलीतलं ते काळपट तांबडं औषध पाहून त्या नर्सला म्हणाल्या, "इतका कडक चहा तर मले सासूनं बी नाही पाजला."

असं दोनदा दिलं, रक्त वाढवायची इंजेक्शनंही सुरू झाली. काही आठवड्यांनी बाईंनी सवयीनं बर्फाचा एक खडा तोंडात टाकला आणि मोरीत थुंकला. नुसतं गार पाणी! त्यात काय गोडी होती, तेच आठवेना. त्या संध्याकाळी जरा उदास होत्या. मनोहरराव त्याहून उदास, कारण त्यांच्या मिरच्या बंद झाल्या.

किडन्या काही सुधारल्या नाहीत, तपासण्या चालूच आहेत. पण जिना आता एका दमात होतो. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत बाई शेजारी बसलेल्या पेशंटांना धरतात. परवा एका रिटायर मास्तरांना त्यांनी सरळच विचारलं, "भाऊ, खरं सांगा, लपून काय खाता?"

मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं, चष्मा पुसला.

"खडू," ते पुटपुटले.

अंजनाबाई ताडकन उठल्या आणि त्यांनी आतलं दार ढकललं. "डॉक्टरीणबाई, माया नंबर राहू द्या. याईले पहिले घ्या!"