भावोजींचं लिनक्स, बाबांची गाडी

आमच्या भावोजींनी आमच्या घरावर आजवर एकच उपकार केला, आणि तो मी अजून विसरलेले नाही. दिवाळसणाला आले होते. आई आणि ताई आत करंज्या तळत होत्या, मी सारण भरून देत होते, आणि बाहेरच्या खोलीत भावोजी माझ्या कॉम्प्युटरवरचं विंडोज पुसत होते. कुणाला न विचारता. जावयाला कशाला विचारावं लागतं?

मी हात पुसत बाहेर आले तेव्हा स्क्रीनवर काळ्यावर पांढरी अक्षरं धावत होती. "व्हायरस होते," भावोजी म्हणाले, "आणि विंडोजही चोरीचं. चोरीचं सॉफ्टवेअर वापरणं बरं नव्हे. हे लिनक्स आहे. फुकट आणि स्वच्छ." ठाण्याच्या कुठल्याशा कंपनीत ते कॉम्प्युटर सांभाळायचे. चोरीबद्दल बोलताना त्यांच्या बोटात त्याच सकाळी सासऱ्यानं घातलेली अंगठी चमकत होती. ती मात्र चालत होती.

"आणि बाबांची गाडी?" मी विचारलं.

"कुठली गाडी?"

बाबांनी सगळं आयुष्य ट्रक चालवला. मुरबाडहून तांदूळ घेऊन माळशेज घाट चढायचा, पलीकडून कांदा घेऊन उतरायचा. मग त्यांची उजवी बाजू गेली. बोलणं परत आलं, काठी घेऊन चालणं आलं, पण हात आला नाही आणि गाडी कायमची सुटली. किन्हवलीतल्या आमच्या ओटीवर बसून ते रस्त्यावरच्या एसट्यांचे गिअर ऐकायचे आणि ड्रायव्हरांना शिव्या द्यायचे. मी कोर्ससाठी जुना कॉम्प्युटर घेतला आणि कल्याणच्या फुटपाथवरून एक ट्रकचा गेम आणला, तो गंमत म्हणून. बाबांनी कीबोर्ड डावीकडे सरकवला, म्हणजे बाणांची बटणं डाव्या हाताखाली येतील, आणि त्या दिवसापासून ते रोज संध्याकाळी ड्युटीवर जायला लागले. गेममधला रस्ता कुठल्यातरी परदेशातला, दोन्ही बाजूंना बर्फ. बाबांना त्याचं काही नव्हतं. पहिलं वळण आलं की म्हणायचे, "सरळगाव." मग त्यांच्या माळशेजच्या वाटेवरची टोकावडे, वैशाखरे, मोरोशी आणि शेवटी घाट. ताईचा सासरहून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "बाबा आज कुटवर पोचलं?"

हे सगळं मी भावोजींना सांगितलं. ते हसले. "गेम ना? वाईन टाक. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवायचं सॉफ्टवेअर आहे. सोपं असतं." आणि जेवून, विडा खाऊन दुपारच्या एसटीनं निघून गेले.

शहापूरच्या ज्या दुकानातून कॉम्प्युटर घेतला होता, तिथला दुकानदार परत विंडोज टाकून द्यायला तयार होता. बाबांनीच अडवलं. "जावयानं केलेलं मोडायचं नाय. ते परत येतील, बघतील. मंग तिकडं ताईला ऐकून घ्यावं लागंल." आई म्हणाली, "बरोबर हाय." मी म्हणाले, काय बरोबर आहे? ज्याला मान द्यायचा तो आपल्या घरात घुसून माणसाचे हात-पाय काढून घेतो आणि आपण त्याला वर पानसुपारी द्यायची? मुलीच्या माहेरात अशा प्रश्नांना उत्तर देत नाहीत.

तेव्हा मी ते वाईन टाकलं. शहापूरच्या सायबर कॅफेत बसून इंग्रजी पानांचे प्रिंटआउट काढायचे, घरी येऊन एकेक ओळ टाइप करायची. प्रत्येक ओळ मी भावोजींच्या नावानं बोटं मोडत टाइप केली. आधी नुसती काळी चौकट आली. मग रस्ता आला पण ट्रक आला नाही. रस्ता आपला आपणच पळायचा आणि बाबा मागं खुर्चीत बसून म्हणायचे, "गाडी मागून येत असंल, थांब." मी भावोजींना फोन केला. "तू नीट वाचलं नसशील," ते म्हणाले, "नेटवरच्या फोरमवर विचार." त्यांना घरी विचारलेलं चालत नव्हतं, फोरमवर चालत होतं.

शेवटी ट्रक आला. बर्फ आला, दिवे आले, सगळं आलं. मी मोठ्या ऐटीत बाबांना बसवलं. त्यांनी बटण दाबलं, ट्रक सुटला, पहिल्या वळणाच्या आतच त्यांनी हात काढून घेतला.

"बंद हाय गाडी."

"बाबा, चालतेय की. बघा ना."

"आवाज कुटं हाय? आवाज नाय म्हंजे बंद."

ते काट्याकडे कधी बघायचेच नाहीत. गिअर कानानं टाकायचे. मुकी गाडी त्यांच्या दृष्टीनं उतारावरून घरंगळणारं लोखंड होतं. ते उठले आणि पुन्हा ओटीवर जाऊन बसायला लागले. आता एसट्यांना शिव्याही देईनात. आई माझ्याशी बोलताना आवाज खाली करायला लागली, घरात आजारी माणूस असल्यासारखा. तेव्हा मला भावोजींचा जेवढा राग आला, तेवढा पुढं कुणाचाच आला नाही.

दोष सापडायला उन्हाळा लागला. लिनक्सचाच एक आवाजवाला प्रोग्रॅम सुरुवातीलाच साउंड कार्ड अडवून बसत होता आणि दुसऱ्या कुणाला जागा देत नव्हता. भावोजी आमच्या एकुलत्या एक खुर्चीत बसतात तसा. मी त्याला उठवलं. इंजिन घरघरलं. जरा फाटका आवाज होता, मध्येच खरखर करायचा. बाबा ओटीवरून काठी टेकत आत आले. "जुनी गाडी हाय," ते म्हणाले, "पण चालू हाय." त्या संध्याकाळी ते मोरोशीपर्यंत गेले.

मग अधिक महिना आला आणि जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलावणं गेलं. भावोजी आले, बाबांची गाडी चालताना बघितली आणि ताईला म्हणाले, "बघितलंस? मी म्हटलं होतं ना, लिनक्सवर सगळं चालतं." मी पाणी आणायला आत गेले, नाहीतर तांब्या त्यांच्या डोक्यात गेला असता. बाहेर आले तर ते बॅगेतून सीडी काढत होते. "व्हर्जन जुनं झालंय. सगळं पुसून नवं टाकतो. पान वाढेपर्यंत होईल."

बाबा कॉम्प्युटरसमोरच बसले होते. त्यांनी डावा हात उचलला आणि सीडीच्या खणावर ठेवला.

"नाय."

"बाबा, पाच मिनिटांचं काम आहे."

"नाय म्हटलं ना, जावईबापू. गाडी माजी हाय. हात लावू नका."

आई स्वयंपाकघराच्या दारात पुरणाच्या धोंड्यांचं ताट घेऊन उभी राहिली. भावोजींनी सीडी बॅगेत टाकली, चपला घातल्या आणि पानावर न बसता रस्त्याला लागले. ताई एकदा बाबांकडे बघून भावोजींच्या मागं गेली. अधिक महिन्यातला जावई उपाशी गेला हे संध्याकाळपर्यंत गावभर झालं होतं.

आईनं बाबांशी बोलणं टाकलं, माझ्याशीही. ताईचे फोन थांबले. दिवाळीला ती आली नाही. मला वाईट वाटायला हवं होतं, असं सगळे म्हणायचे. ताईसाठी वाटत होतं. भावोजी उपाशी गेले याचं मात्र तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. बाबा रोज ड्युटीवर जात होते. फक्त आता वळणांची नावं मोठ्यानं घेत नव्हते.

थंडी सरत आली तेव्हा एका दुपारी फोन वाजला. मी उचलला. पलीकडे ताई होती आणि आवाज अगदी बारीक. घरात कुणी नसताना बोलतात तसा. कशी आहेस, काय आहेस, काही नाही.

"बाबा कुटवर पोचलं गो?"

मी रिसीव्हर लांब धरला आणि बाबांना विचारलं. त्यांनी स्क्रीनवरची नजर काढली नाही.

"सांग तिला," ते म्हणाले, "वैशाखरे."