गब्बू रात्री अक्कांकडे जायचा

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी गब्बूला कपाटामागून बाहेर काढत होते. पहाटेचे साडेपाच वाजले असतील. कपाट आणि भिंत यांच्यामध्ये हातभर जागा आहे, तिथे तोंड खुपसून तो उभा होता आणि मी त्याच्या पोटाखाली हात घालून त्याला मागे ओढत होते. फोन स्वयंपाकघरात वाजत होता. अक्कांची मुलगी सविता, हुपरीला दिलेली, तीन दिवस दवाखान्यात त्यांच्याजवळ बसून होती. एवढ्या पहाटे फोन कशाचा ते कळायला वेळ लागला नाही. तरी मी आधी आमच्या चौदा वर्षांच्या म्हाताऱ्या कुत्र्याला बाहेर काढलं, गोधडीवर निजवलं, हात धुतले आणि मग फोन घेतला. "काकू, आई गेली," एवढंच सविता म्हणाली... अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. तेहतीस वर्षं आम्ही एका घरात काढली. त्यांना जाऊन आता दोन महिने होतील. भेटायला येणारी माणसं म्हणतात, दोघी जावा सख्ख्या बहिणींसारख्या राहिलात हो. मी मान हलवते. खरं सांगायचं तर या तेहतीस वर्षांतली बरीचशी मी त्यांचा हेवा करण्यात घालवली.

अक्कांचं माहेर राधानगरीकडचं, शेतीवाडीचं, गोठा भरलेला. शाळा चौथीपर्यंत. मी शहरातली, डी.एड. झालेली, लग्नानंतर वर्षभरात प्राथमिक शाळेत नोकरीला लागलेली. थोरले दीर लवकर गेले आणि कळंब्याच्या आमच्या घराचा सगळा भार अक्कांनी अंगावर घेतला. माझा निखिल त्यांच्याच हाताखाली वाढला. मी दुपारी शाळेतून घरी यायची तेव्हा तो अक्कांच्या मांडीवर जेवून झोपलेला असायचा. ताप आला की "अक्का" म्हणून रडायचा. मी रात्रभर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवायची, आणि सकाळी डोळे उघडून तो विचारायचा, अक्का कुठंय? अक्का हसून म्हणायच्या, "आईनं रात जागून काढलीय बाळा, तिला इचार की." त्यांचं ते मोठं मनही मला सहन व्हायचं नाही.

निखिल दहावीत असताना त्याने तलावाकडून शर्टात गुंडाळून एक पिल्लू आणलं. काळंभोर, एक कान पडलेला. तेच गब्बू. या वेळी मी मनाशी ठरवलं होतं, हे तरी माझं. लस टोचायला रिक्षातून मी न्यायची, गोचिड्या मी काढायची, रविवारी कोंबडीच्या पायांचा भात मी शिजवायची. गब्बू माझ्या हातचा भात चाटूनपुसून खायचा, शेपूट हलवायचा, आणि जाऊन अक्कांच्या खोलीच्या उंबऱ्यावर झोपायचा. निखिल नोकरीला पुण्याला गेल्यावर घरात आम्ही तिघंच राहिलो, मी, हे आणि अक्का. आणि तो उंबऱ्यावरचा काळा गोळा. कुत्र्यावरून जावेचा हेवा करणारी बाई कुणाला सांगणार?

गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्याचं रात्रीचं सुरू झालं. दिवसभर मेल्यासारखा झोपायचा आणि रात्री एक-दीडला उठून घरभर फिरायचा. फरशीवर नखांचा टकटक आवाज. कधी कोऱ्या भिंतीकडे बघत उभा राहायचा, कधी तिच्यावरच भुंकायचा. दार उघडं असलं तरी बिजागरीच्या बाजूला नाक लावून थांबायचा, जणू तिकडूनच ते उघडणार आहे. जन्मात घरात घाण न केलेला कुत्रा, पण देवघरासमोर मुतायला लागला. आणि या सगळ्याच्या शेवटी तो अक्कांच्या खोलीत जायचा. मला अंथरुणात पडल्या पडल्या ऐकू यायचं, दार लोटल्याचा आवाज, अक्कांचं "आलास व्हय रं?" आणि मग त्यांचं हळू आवाजातलं बोलणं, अर्धा अर्धा तास. मी समजून चालले होते की हा त्यांच्यासाठीच उठतो. म्हातारपणीही त्यांचाच.

एका रात्री मी उठून त्यांच्या दाराशी जाऊन उभी राहिले. आत झिरोचा दिवा होता. अक्का त्याला सांगत होत्या, "आमची चांदी म्हस म्हातारपणी अशीच करायची बघ. गोठ्याचं दार सोडून भिंतीलाच धडकायची. दादा म्हणायचं, मारू नगंस, नुसता हात लावून हुभी ऱ्हा." मग म्हणाल्या, "दादा गेलं तवा मला चार दीस कुनी कळिवलंच न्हाई. सविता पोटात हुती न्हवं. मातीला बी न्हेलं न्हाई मला..." मी तिथून निघून आले. अक्कांच्या वडिलांचं मला माहीत होतं ते इतकंच, की ते वारले. एवढ्या वर्षांत माझ्याजवळ हे बोलल्या नाहीत आणि कुत्र्याजवळ बोलल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी मात्र मी चहा देता देता भलतंच बोलले. "अक्का, तुम्हीच त्याला रात्रीची सवय लावलीत. तुम्ही बोलत बसता म्हणून तो उठतो."

"मी बोलतो म्हणून तो उठत न्हाई गं," अक्का म्हणाल्या. आमच्याकडच्या जुन्या बायकांसारखं त्या स्वतःविषयी 'करतो', 'बोलतो' असंच म्हणायच्या. "तो उठतोय म्हणून मी बोलतो."

मला ते पटलं नाही. त्या रात्री मी गब्बूला माझ्या खोलीत घेतलं आणि आतून कडी लावली. हे गावाला गेले होते. मध्यरात्रीनंतर तो उठला, दोन फेऱ्या मारल्या आणि पलंग आणि कपाटाच्या बेचक्यात शिरला. मी हाका मारल्या, रागावले, शेवटी गळपट्टा धरून पुढून ओढलं. तो असा ओरडला की तसा आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही. घाबरून फरशी खरवडायला लागला, एक नख उपटलं, रक्त लागलं सगळीकडे. अक्का दारावर थापा मारत होत्या. मी कडी काढली. त्या सरळ खाली बसल्या, त्याच्या पाठीवर तळवा ठेवला आणि कमरेला धरून त्याला हळूहळू मागे घेतलं. "त्याला मागं सरकायचं ठाऊक न्हाई ऱ्हायलं शैले," त्या म्हणाल्या. "फुडं जायचं तेवढं म्हाईत हाय. अडकलं की हुभा ऱ्हातोय बिचारा."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी त्याला घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी विचारायला सुरुवात केली. कधीपासून? रात्री किती वाजता उठतो? गोल फिरतो की सरळ? पाणी जास्त पितो का? हाक ओळखतो का? प्रत्येक प्रश्नाचं उत्तर अक्कांकडे होतं. डावीकडूनच वळतोय. पाणी तेवढंच पितोय. सांजच्याला जास्त बावरतोय. मी नुसती गळपट्टा धरून उभी. डॉक्टरांनी डोळे पाहिले, सांधे दाबून पाहिले, रक्त-लघवी तपासायला पाठवली. म्हणाले, दुखणं किंवा मूत्रपिंडाचं काही असलं तरी अशी लक्षणं दिसतात, ते आधी बघू. तसं काही निघालं नाही. तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं की माणसाचा मेंदू जसा म्हातारा होतो तसाच याचाही झालाय. दिवस-रात्र उलटलीय, घराचा नकाशा पुसला गेलाय. पूर्ण बरा होणार नाही. गोळ्यांनी थोडा फरक पडेल. सामान हलवू नका, रात्री मंद दिवा ठेवा, दिवसा उन्हात फिरवा, आणि रागावू नका, कारण तो हट्टाने काहीच करत नाही. निघताना कागदावर लिहायला म्हणून त्यांनी विचारलं, "कुत्रं कुणाचं?" मी म्हणाले, "माझं."

म्हणजे तो कुणासाठी उठत नव्हताच. अंधारात हरवत होता, आणि ज्या दारात उजेड दिसायचा तिथे जात होता. हे कळल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. पण मग तो उजेड रोज कोण ठेवत होतं, आणि कधीपासून?

पावसाळ्याच्या तोंडावर अक्कांना धाप लागायला लागली. हृदय कमजोर झालंय, डॉक्टर म्हणाले. बारा दिवस दवाखान्यात राहिल्या. गब्बूच्या रात्री माझ्याकडे आल्या. पहिल्या रात्री मी त्याच्याजवळ बसले खरी, पण काय बोलायचं ते सुचेना. शाळेत तीस वर्षं बडबड केलेली बाई मी! शेवटी पाढे म्हटले. सतराचा पाढा अर्ध्यावर आला तेव्हा त्याला डुलकी लागली. पाचव्या-सहाव्या रात्रीपर्यंत मी त्याला काहीबाही सांगायला लागले होते. त्याच्या श्वासाची लय मला कळायला लागली, तो कुठल्या कोपऱ्यात अडकणार हे आधीच कळायला लागलं.

अक्का घरी आल्या त्या दिवशी गब्बू जागा होता. त्या रिक्षातून उतरून, कठड्याला धरत पायऱ्या चढल्या, दारात थांबून म्हणाल्या, "गब्या..." तो उठला, पुढे गेला, त्यांच्या पातळाचा वास घेतला. आणि भुंकला. परक्या माणसावर भुंकतात तसा, मान खाली घालून. मग वळून माझ्याकडे आला आणि हनुवटी माझ्या पावलावर टेकवली. मला आनंद झाला. क्षणभरच, पण इतका की छातीत मावेना. समोर आजारातून उठून आलेली बाई भिंतीला टेकून उभी आहे, आणि मी आतून हरखले आहे... हे मी कुणाला सांगितलेलं नाही, पण सांगायची गरज जिला होती तिला ते दिसलं.

"लई आनंद झाला की गं तुला," अक्का म्हणाल्या.

"काहीतरीच काय अक्का."

"असू दे. मला बी व्हायचा. निखिल तुला सोडून माज्याकडं आला की व्हायचा. तू सकाळी इस्त्रीची साडी नेसून, पर्स अडकवून जायचीस, म्या चुलीम्होरं. म्हणायचो, जा म्हणावं, पोरगं हाय माज्याकडं." एवढं बोलून त्यांना दम लागला. "च्या टाक की जरा," म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्यानंतर त्या नऊ दिवस घरी होत्या. रात्री गब्बू उठला की आम्ही दोघी उठायचो. त्यांना खाली बसवत नव्हतं, त्या खाटेवर, मी फरशीवर, मधे तो. एका रात्री धीर करून मी म्हणाले, "अक्का, तुमच्या दादांचं मी ऐकलं होतं. दाराआडून." त्या म्हणाल्या, "ठाऊक हाय. फटीतनं तुजी जोडवी चमकायची की. एकदा न्हवं, लई वेळा." मी विचारलं, मग आत का नाही बोलावलंत? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू का न्हाईस आलीस?"

मग त्यांनी दादांचं सगळं पुन्हा सांगितलं, अगदी पहिल्यापासून, या वेळी मला. दहाव्या दिवशी धाप वाढली आणि त्यांना परत न्यावं लागलं.

त्या गेल्या त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं, आणि गब्बू गोधडीवर दिवसभर झोपून होता. सविता त्याच्या गळ्यात पडून रडली. त्याने एक डोळा उघडला आणि मिटला. अक्का गेल्याचं त्याला कळलेलं नाही. कळणारही नाही. आता रोज रात्री तो उठतो, टकटक करत अक्कांच्या खोलीत जातो, मी मागोमाग जाते. सविताने सगळं नीट आवरून ठेवलंय, खाटेवरची गादी गुंडाळलेली आहे. तो खाटेखाली हुंगतो, दोन फेऱ्या मारतो आणि धप्पकन बसून घोरायला लागतो. त्याला तिथे काहीच उणं भासत नाही. मी फरशीवर बसून त्याच्याकडे बघत राहते. वाटलं होतं, माझा हेवा आता अक्कांबरोबर संपला. पण ही खोली रिकामी झालीय हे ज्याला ठाऊकच नाही, त्या म्हाताऱ्या कुत्र्याचा मला रोज रात्री हेवा वाटतो.