रोशनीसाठी घाबरलेले तिघे

स्टाफरूममध्ये किस्से साठायला वेळ लागत नाही. चहा येईपर्यंत एक, चहा संपेपर्यंत दोन! आमचे सध्याचे सगळे किस्से मात्र एकाच वर्षातले आहेत. पहिले दोन-तीन सांगताना आम्ही पोट धरून हसतो. पुढचे सांगायची वेळ आली की कुणाला तरी आपला तास असल्याचं आठवतं.

आमची शाळा चौक गावाच्या बाजूला. डोंगरातल्या वाड्यांवरची मुलं चालत येतात. रोशनी दरवडा सातवीत होती. रोज उशिरा यायची आणि रोज माझी बोलणी खायची. एकदा तास सुरू झाल्यावर जिन्यातच बसलेली सापडली.

"काय गं, इथे काय करतेस?"

"बाई, पायऱ्या लय हायत. निम्म्या आज चढते, निम्म्या उद्या!"

मला हसू आलं. मग तिच्या नखांकडे लक्ष गेलं. निळी होती, शाई सांडल्यासारखी.

तपासणीत कळलं, हृदयाला भोक आहे. सरकारी योजनेत नाव लागलं. पण मुंबईच्या फेऱ्या, तिथलं राहणं, तिचे वडील गोमा यांची बुडणारी मजुरी, हे सगळं होतंच. अशा मुलांसाठी कर्जतमधले काही डॉक्टर मिळून एक छोटा निधी चालवतात. ते म्हणाले, "तुम्हीही गोळा करा. रोशनीला होईल, मागून येणाऱ्या पोरांनाही होईल."

नुसतं "देणगी द्या" म्हटलं की लोक मोबाईलमध्ये बघायला लागतात. म्हणून मीच सुचवलं, ज्याला ज्याची भीती वाटते ते त्याने चारचौघांत करून दाखवायचं. लोक मजा बघायला येतील आणि डब्यात काहीतरी टाकतील. तयार झालो तिघं. पी.टी.चे घरत सर, संस्कृतच्या पाठक मॅडम आणि मी.

*

घरत सर म्हणजे सहा फूट उंच, कबड्डीत एकेकाळी तालुका गाजवलेला माणूस. त्यांना भीती सुईची. कधी इंजेक्शन घेतलं नाही, तापसुद्धा अंगावर काढायचे. त्यांनी खोपोलीच्या शिबिरात सगळ्यांसमोर रक्तदान करायचं ठरलं.

सर खाटेवर झोपले. डोळे घट्ट मिटले. नर्सने हात धरला आणि सर गेले! म्हणजे बेशुद्ध. पाणी मारून उठवलं, तर म्हणाले, "झालं ना? फार दुखलं नाही हो!"

नर्स म्हणाली, "सर, मी अजून कापूसच लावलाय!"

डबा तिथेच अर्धा भरला. सर मात्र उठले नाहीत. दुसरा हात पुढे करून म्हणाले, "याच्यातून घ्या. हा हात जरा धीट आहे."

*

पाठक मॅडम कर्जतच्या जुन्या घराण्यातल्या. वर्गात आवाज खणखणीत, पण माईक दिसला की घसा बंद. तीस वर्षांत एकदाही स्टेजवर चढल्या नव्हत्या. त्यांनी गणेशोत्सवात मंडळाच्या स्टेजवरून रोशनीबद्दल बोलायचं होतं.

मॅडम माईकपुढे उभ्या राहिल्या. "नमस्कार" म्हणाल्या. पुढे काहीच नाही. एक मिनिट, दोन मिनिटं. पदराचं टोक चुरगळून चुरगळून काळं पडलं. समोरून एक जण ओरडला, "मॅडम, अजून पाच मिनिटं गप्प राहा, मी डबल देतो!"

सगळा मंडप हसला. मॅडमही हसल्या. रिक्षात बसल्यावर मात्र माझा हात धरून रडल्या. "मीना, मला हसले त्याचं काही नाही गं. त्या पोरीचं नावसुद्धा मी घेतलं नाही. तेवढ्यासाठी तर गेले होते."

*

साजगावच्या एका कारखान्याच्या साहेबांनी मदत देऊ केली, फोटोच्या अटीवर. रोशनीला घेऊन आम्ही त्यांच्या ऑफिसात गेलो. ती पहिल्यांदाच एसीत बसत होती. फिरणारी खुर्ची, वर थंड वारा, हातात बिस्किटांचा पुडा. तिचं तोंड काही मिटेना!

साहेब फोटोग्राफरला थांबवून म्हणाले, "मॅडम, तिला सांगा ना, जरा आजारी दिसू दे."

घरत सर खाली बघत राहिले. मी रोशनीच्या कानात सांगितलं, "हसू नकोस हां दोन मिनिटं." मी सांगितलं. कुणी दुसऱ्याने नाही.

तिने ओठ मिटले, पण डोळे हसतच होते. तो फोटो साहेबांनी नापसंत केला. मदत मात्र दिली.

*

माझी भीती उंचीची. मी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कपडेसुद्धा भिंतीला चिकटून वाळत घालते. मी भिवपुरीजवळच्या धबधब्याच्या कड्यावरून दोरीने उतरायचं ठरलं होतं. एकदा ताप आल्याचं सांगून पुढे ढकललं. ताप आला नव्हता.

दुसऱ्या वेळी गेले. कंबरेला पट्टे, डोक्यावर हेल्मेट, आणि पाय असे लटपटत होते की दोरीला झोके बसत होते. निम्म्यात थांबले. ना वर, ना खाली. डोळे मिटून नुसती लटकत राहिले. खालून गोमा ओरडला, "बाई, खाली बघू नका! माझ्याकडं बघा!"

"अरे, तू खालीच आहेस ना रे!"

सगळे हसले, मीही हसले आणि त्या हसण्यातच उतरले. खाली रोशनी एका दगडावर बसली होती. टाळ्या वाजवून दमली होती. म्हणाली, "बाई, तुमचीबी नखं निळी झाली!"

*

दिवाळीनंतर मुंबईला नंबर लागला. मोठ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर तरुण होते, शांतपणे बोलले. भोक खूप वर्षं तसंच राहिलं होतं, त्यामुळे फुप्फुसातला दाब वाढलेला. आता ते बुजवलं तर टेबलावरच जाईल. ऑपरेशन नाही. औषधं घ्यायची, जपायचं.

मी विचारलं, "आधी आणलं असतं तर?"

"दोन वर्षांपूर्वी आणलं असतं तर बहुतेक करता आलं असतं."

दोन वर्षांपूर्वी ती आमच्याच शाळेत आली होती. पाचवीत. मी तिला उशिरा येते म्हणून वर्गाबाहेर उभी करत होते. घरत सर तिला आळशी म्हणून मैदानाला एक फेरी जास्त मारायला लावत होते. परतीच्या गाडीत सर खिडकीकडे तोंड करून बसले होते. शेलू स्टेशन गेल्यावर एकच वाक्य बोलले, "फेरी पुरी नाही करायची ती. मी चिडायचो."

होळीच्या आधी रोशनी गेली. हजेरीपटावर तिच्या नावापुढे काय लिहायचं, ते पाठक मॅडमनी लिहिलं. मला जमलं नाही.

*

जूनमध्ये शाळा उघडली. त्या निधीकडे शेलू गावची एक तान्ही मुलगी आली होती, तिच्याही हृदयाला भोक. आम्ही तिघं स्टाफरूममध्ये त्याचंच बोलत बसलो होतो. दारात गोमा उभा. अंगात स्वच्छ सदरा. या वेळी मीपण करतो, म्हणाला.

घरत सरांनी खुर्ची दिली. "कर की रे. तुला भीती कशाची वाटते? उंचावरून उतरशील?"

"मधाला कड्यावर जातो की, सर."

"सापाची?"

"धरतो मी. मागल्या सालाला तुमच्याच मैदानातला धरला नाय का?"

"सुई?"

"टोचा की."

पाठक मॅडम हळूच म्हणाल्या, "माईकवर बोलायला?"

"बोलंन. काय बोलायचा ते सांगा."

मी म्हटलं, "अरे, कशाची तरी वाटत असेल ना?"

गोमा आठवून म्हणाला,

"व्हती, बाई. कामावर असलो नि फोन वाजला का हातपाय गळायचं. पोरगी घरी ना. आता वाजला तरी काय वाटत नाय."

गोमा आमच्या तिघांच्या तोंडाकडे बघत होता. मग त्याने विचारलं,

"म्हंजे माझं नाव नाय घेणार?"