कोरे टायर

आमच्या घरात नवी वस्तू वापरणं हा गुन्हा आहे. आणायची, हळद-कुंकू लावायचं, गुंडाळायची आणि ठेवून द्यायची. लग्नात आलेला स्टीलचा डिनर सेट माळ्यावर आहे आणि आम्ही पोचे पडलेल्या ताटांत जेवतो. पाहुण्यांसाठी घेतलेल्या चादरी आजवर एकाही पाहुण्याला मिळालेल्या नाहीत, कारण त्या लायकीचा पाहुणा अजून जन्माला यायचाय. सासूबाईंच्या पेटीत एक रेशमी इरकल लुगडं होतं. त्यांच्या थोरल्या बहिणीनं ते माझ्या नवऱ्याच्या बारशाला दिलेलं. नवऱ्याचे केस पिकले, पण लुगड्याची घडी काही मोडली नाही. मावशी भेटल्या की विचारायच्या, ‘नेसलीस का गं?’ आणि सासूबाई म्हणायच्या, ‘नेसंन की आक्का, चांगल्या दिवशी.’

मावशींचं गाव आमच्या गावाच्या अगदी समोर आहे, मधे फक्त धरणाचं पाणी. रस्त्यानं जायचं तर आधी औंढ्याला, तिथून दुसरी एस.टी., मग फाट्यापासून पायी. खुबा मोडल्यापासून सासूबाई काठी टेकत चालायच्या, एस.टी.ची पायरी त्यांना चढवेना. त्यात मावशींची नजर गेली आणि त्यांनी अंथरूण धरलं. त्यांच्या मुलाचा फोन आला, ‘आई सारखी विचारून राहिली, धाकटी कवा येती म्हणून.’ त्या दिवशीच्या सासूबाईंच्या सगळ्या भाकरी करपल्या. त्यांच्या हातची भाकरी करपलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली आणि मला फार वाईट वाटलं.

नाव आमच्या घरचीच होती. पाणी उतरलं की काठावरची, शेताला पाणी उपसणारी मोटर पुढं ढकलावी लागते, त्यासाठी नवऱ्यानं मासे धरणाऱ्यांकडून एक जुनी फायबरची नाव घेतलेली. रात्री काठावर ठेवली तर सकाळी ती तिथंच भेटेल याची खात्री नाही, म्हणून ती अंगणात असते, दोन चाकांच्या लोखंडी गाड्यावर. गाडा ट्रॅक्टरला जोडायचा, पाण्यापर्यंत न्यायचा आणि नाव उतरवायची. सासूबाईंनी हिशोब असा मांडला की चढउतार एकदाच करायची. अंगणातच नावेत बसवा आणि एकदम आक्काच्या काठाला उतरवा.

म्हणजे ही बाई नावेत बसून गावातून जाणार, वेशीतून बाहेर पडणार आणि धरणाचा उतार उतरणार. आणि गाड्याचे टायर होते कुठल्याशा जुन्या जीपचे, इतके गुळगुळीत झालेले की हात फिरवला तर बरं वाटावं. मोटर ढकलायला ते चालत होते, कारण नाव उलटली असती तरी तिला खुबा नव्हता. सासूबाईंना मी आत्या म्हणते, सासऱ्यांना मामा. मी सांगून टाकलं, टायर बदलल्याशिवाय आत्या नावेत बसणार नाहीत.

तेव्हा सासऱ्यांनी बियाण्याच्या खोलीतून खजिना बाहेर काढला. पोत्यात शिवलेले दोन टायर. कधीकाळी ट्रॉलीसाठी म्हणून आणलेले आणि अर्थातच कोरे. दर दसऱ्याला ते पोतं उसवायचं, टायरांना कुंकू लावायचं, झेंडू वाहायचा आणि सासूबाईंनी तेलाच्या बोळ्यानं ते पुसून काढायचे. पोतं पुन्हा शिवायचं. आमच्या घरात एवढं तेल कुणाच्या डोक्याला मिळालेलं नाही. टायर नुसते चमकत होते.

माझ्या माहेरी, वसमतला, ट्रक होता. भावंडांबरोबर मीही टायरांवर चढून मोठी झाले, त्यामुळं एक गोष्ट माहीत होती. टायरच्या अंगावर लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, नंतरचे दोन वर्ष. मी ते पदरानं पुसून वाचले. आता कॉलेजात असलेलं आमचं लेकरू हे टायर बनले तेव्हा पाळण्यातही आलं नव्हतं. मग मी कडेला अंगठ्यानं दाबून पाहिलं. चकाकीच्या खाली बारीक भेगा उघडल्या आणि रबर मऊ लागलं.

‘मामा, हे टायर गेलेत,’ मी म्हणाले.

‘काहून? एक दिवस रस्ता बघितला न्हाई त्यानं.’

‘न वापरताच गेलेत. वयानं तडकलेत, तेलानं फुगलेत.’

‘टायर काय दूध हाय का नासायला?’ सासरे म्हणाले आणि त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं. नवऱ्यानं ट्रॅक्टरकडं पाहिलं. घरात वाद पेटला की त्याला हटकून ट्रॅक्टरचं काहीतरी तपासायचं असतं.

सासूबाई ओट्यावर बसून सगळं ऐकत होत्या. ‘कसले का असंना, बसवा,’ त्या म्हणाल्या. ‘आक्का थांबायची न्हाई.’

हे ऐकून मात्र मला राग आला. बहिणीला भेटायला निघालेल्या बाईची आम्ही वाटेतच वाट लावणार होतो, आणि तेही काटकसर म्हणून. मी म्हणाले, ‘बसवा टायर. पण आधी आत्याच्या जागी हळदीच्या बेण्याची पोती ठेवा आणि वेशीपर्यंत जाऊन या.’

सासऱ्यांना हा टायरांचा अपमान वाटला. त्यांनी टायर चढवून घेतले, शिरड शहापूरच्या पंक्चरवाल्याकडं हवा भरून आणली, गाड्यावर पोती लादली, आणि वर स्वतः जाऊन बसले. टोपी सरळ केली. ‘चल रे,’ ते नवऱ्याला म्हणाले. आमच्या गावात नावेत बसून मिरवलेला हा पहिला माणूस. पारावरच्या मंडळींनी उठून नमस्कारही केला. खरा की चेष्टेचा, ते सासऱ्यांनी विचारलं नाही.

वेशीपर्यंत काही झालं नाही. परतताना, शाळेच्या जरा अलीकडं, डावा टायर असा फुटला की पोरं वर्गातून बाहेर आली. गाडा एका अंगाला बसला, नाव कलंडली, आणि सासरे पोत्यांसकट सावकाश रस्त्यावर उतरले. हळदीच्या बेण्यावर बसल्यामुळं त्यांना खरचटलंसुद्धा नाही, बेण्याचा मात्र चुरा झाला. मी धावत गेले तेव्हा ते टोपी झटकत होते.

‘रस्ता खराब हाय,’ ते म्हणाले.

टायर बाजूनं सोलून निघाला होता आणि आतले दोरे लोंबत होते. मी ते पाहिलं, आणि त्या जागी सासूबाई असत्या हे डोळ्यांपुढं आलं. येणारं हसू तिथंच थांबलं.

दुसऱ्या दिवशी मी नवऱ्याबरोबर वसमतला गेले. दुकानदारानं विचारलं, वजन काय जाणार? नवरा म्हणाला, ‘एक नाव अन् एक आई.’ मी नीट सांगितलं. गाड्याला लागतात तसे जाड कडेचे, वजन झेलणारे टायर घेतले, दोन्ही एकाच मापाचे, एक जादा, आणि तिन्हींचे चार आकडे वाचूनच. दुकानदाराला माझ्यासारखं गिऱ्हाईक फारसं आवडलं नसावं. नंतर पोती लादून गाडा पुन्हा वेशीपर्यंत फिरवला. या खेपेला सासरे म्हणाले, त्यांना शेतात काम आहे.

निघायच्या दिवशी सकाळी सासूबाईंनी मला आत बोलावलं. पेटी उघडी होती. इरकल त्यांच्या मांडीवर होतं आणि त्या ते घडीवर अंगठ्यानं दाबून पाहत होत्या, मी टायर पाहिला होता तसंच.

‘तू बघ बरं,’ त्या म्हणाल्या. ‘कोरं हाय, का ह्ये बी गेलं?’

लुगडं उलगडलं. घडीवर एका जागी रेशीम उभं चिरलं होतं. मी त्या चिरेवर बोट ठेवलं. त्या म्हणाल्या, ‘निऱ्यांत जाईल. नेसव मला.’

सासऱ्यांनी नव्या टायरांना कुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि तेलाची वाटी हातात घेतल्यावर माझ्याकडं बघून ती परत आत नेऊन ठेवली. आम्ही सासूबाईंना नावेत बसवलं. पारावरची मंडळी पुन्हा उठली. या वेळी कुणी हसलं नाही. गाडा उतारावरून सरळ पाण्यापर्यंत गेला आणि नाव तरंगली.

पलीकडच्या काठाला उतरून घरी पोचलो तेव्हा मावशी खाटेवर होत्या. आम्ही कोण आलोय हे त्यांना सांगावं लागलं नाही, सासूबाईंच्या काठीचा आवाज ऐकूनच त्यांनी हात पुढं केला. सासूबाई खाटेवर टेकल्या. मावशींचा हात चाचपत त्यांच्या खांद्यावर आला, तिथून पदरावर, आणि काठावर येऊन थांबला. तो काठ त्यांनी दोन बोटांत धरून बराच वेळ चोळला.

‘नेसलीस का गं?’

‘व्हय आक्का, नेसले,’ सासूबाई म्हणाल्या. ‘खाली निऱ्यांत एका जागी फाटलंय, तिथं हात लावू नको.’