बर्फाच्या कारखान्यातली मोटर

जळालेली मोटर दुकानात आली की मी आधी तिचा वास घेतो आणि मग ती आणणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. "आपोआप बंद पडली" असं सांगणाऱ्यावर माझा पहिला संशय. कामणच्या रस्त्यावर मोटरी भरायचं, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळायचं दुकान मी तेवीस वर्षं चालवतोय, आणि मोटर आपोआप जळाली हे एकदाही मान्य केलेलं नाही. बायको म्हणते, हा स्वभाव तुम्ही निर्मळच्या वाडीतून आणलात. केळीचा एक घड कमी दिसला की तुमचे वडील अख्ख्या आळीवर डोळा ठेवायचे. असेलही.

दोनेक वर्षांपूर्वी खाडीकाठच्या एका बर्फाच्या कारखान्यातून कॉम्प्रेसरची मोटर आली. कॉम्प्रेसर चालवणारे काका टेम्पोत तिच्याशेजारी बसूनच आले होते. साठीच्या आसपासचे, जवळच्याच गावातले, भातशेती भावावर सोपवून पंधरा वर्षं त्या कारखान्यात टिकलेले. उतरल्या उतरल्या सुरू झाले, "मिस्त्री, शेठनी ही जुनी घेतली भंगारवाल्याकडून. पैल्या दिवसापासून गरम हाय. हात नाय ठेववत. पंखा साफ केला, हवा लावून बगितली. काय फरक नाय."

न विचारता माणूस एवढं सांगतो म्हणजे नक्की काहीतरी लपवतोय, असं मी धरूनच चाललो.

मोटर उघडली. आतली तार सगळीकडून सारखी काळी पडली होती. विजेची एखादी फेज गेली असती तर काही गुंडाळ्या काळ्या आणि काही चांगल्या दिसल्या असत्या. सारखी काळी म्हणजे न झेपणारा भार टाकून चालवली. मग आमच्या धंद्यात सगळे करतात तेच मी केलं. जुन्या तारेचे वेढे मोजले, जाडी मापली आणि जसंच्या तसं नवीन भरलं. जुनं होतं ते बरोबर होतं का, हे आमच्यात कुणी तपासायच्या भानगडीत पडत नाही. जुन्या गुंडाळीचा एक तुकडा नमुना म्हणून भिंतीवर टांगला.

तीन आठवड्यांत तीच मोटर पुन्हा जळून आली, पुन्हा तशीच सारखी काळी. या वेळी भरून झाल्यावर ती बसवायला मी स्वतः कारखान्यात गेलो. विजेच्या पॅनेलपाशी मला घडी घातलेला पुठ्ठा दिसला आणि माझे डोळे चमकले. भार वाढला की मोटर बंद करणारा एक रिले असतो. त्यात पुठ्ठा अडकवून तो दाबून ठेवायची युक्ती बऱ्याच ऑपरेटरांना ठाऊक असते.

"पॅनेलचं दार वाजतं, म्हनून लावलाय," काका म्हणाले.

मला हसू आलं. कुणाला शिकवताय, असं तोंडावर आलं होतं, पण मोटर जोडून परत आलो.

पंधरा दिवसांनी मोटर तिसऱ्यांदा जळाली. मालकांनी मला बोलावलं आणि काकांच्या समोरच विचारलं, "मिस्त्री, खरं सांगा. तुमचं काम खराब की माझा माणूस?"

"तुमचा माणूस," मी म्हणालो, आणि पुठ्ठ्याची गोष्ट सांगून टाकली.

"मी नाय केला," एवढंच काका बोलले. मालकांनी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. खरं सांगायचं तर मला जराही वाईट वाटलं नाही. चोर पकडल्याचं समाधान वाटलं.

दुसऱ्या दिवशी मोटर उघडली. तार ज्या खाचांत बसते तिथे बोट लावलं तर तार हलत होती. पहिल्या दोन खेपांनाही खाचा सैल वाटल्या होत्या. तेव्हा जादा कागद कोंबून मी मोकळा झालो होतो. आता डोक्यात प्रकाश पडला, की आधीच्या कुठल्यातरी दुकानाने बारीक तार घालून फसवलंय. कोण तो बदमाश, म्हणून भिंतीवरचा नमुना खाली काढला. काजळी पुसली तर आतल्या बाजूचा दोरा शाबूत होता. गुंडाळ्या दोऱ्याने बांधताना प्रत्येक कारागीर आपल्या पद्धतीची गाठ मारतो. मी दोऱ्याचं टोक दोनदा मागे वळवून आत दाबतो. या भागात तशी गाठ दुसरं कुणी मारत नाही.

गाठ माझी होती.

मग आठवलं. कितीतरी वर्षांपूर्वी कामणच्या एका गोदामातल्या पंख्याची मोटर. घाई होती, हवी ती तार मिळेना, म्हणून मी एक नंबर बारीक घातली होती. पंख्याच्या हलक्या भाराला ती चालून गेली. कॉम्प्रेसरच्या भाराला मात्र तीच तार रिले पडायच्या आधीच जळणार, पुठ्ठा असो वा नसो. पुढे मोटर भंगारात गेली, तिथून बर्फाच्या कारखान्यात, आणि मी माझीच लबाडी दोनदा इमानाने उतरवली. मला स्वतःची मनापासून लाज वाटली.

संध्याकाळी स्कूटर काढून काकांच्या घरी गेलो. ते अंगणात सायकलची चेन बसवत होते. मी सगळं सांगितलं, गाठीसकट. त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही.

"शेठला सांगितला?"

"सांगणार आहे."

"कदी?"

काकांनी माफ केलं की प्रकरण अंगणातच मिटेल, अशी माझी आशा होती. त्या कारखान्याच्या सगळ्या मोटरी माझ्याकडे येत होत्या. काकांनी हात पुसले, आत जाऊन सदरा घालून आले आणि स्कूटरवर मागे बसले. "चल. तू एकला जाशील याचा भरोसा नाय मना."

मालक कारखान्यातच होते. चूक माझी होती, तार बारीक पडली, काकांचा काहीही दोष नाही, असं मी सांगितलं.

"किती वेळा?" मालकांनी विचारलं.

"दोनदा," मी म्हणालो. गोदामातली ती जुनी खेप कुणाला कळणार होती?

"तीन," मागून काका म्हणाले. "पैली बी यानीच भरलेली. गाठ याची हाय."

मालक माझ्याकडे वळले.

"तीनदा," मी म्हणालो.

त्यांनी काकांना विचारलं, "उद्या येणार का?"

"येतो," काका म्हणाले. "पन मोटर याच्याकडं देऊ नका."